कोरियात दोघंच : सुवॉनला घर लावणं आणि गाडीशिवायचे शनिवार-रविवार

तिरफळ
मार्चच्या सुरुवातीला आम्ही दोघं सोलजवळच्या सुवॉनला राहायला जातोय. एकाचा व्हिसा ई-७ (नोकरीचा), दुसऱ्याचा त्यावर अवलंबून असलेला एफ-३. गाडी घ्यायची नाही. एक जण पक्का शाकाहारी, दुसऱ्याची मजल अंड्यापर्यंत. दोघांनाही डोंगरात चालायची सवय आहे. प्रश्न दोनच. पहिल्या महिन्यात घरात आणि कागदपत्रांत आधी काय उरकायचं? आणि सुट्टीच्या दिवशी बस-ट्रेनने कुठे जायचं? "नामी बेट, राजवाडे, हानबोक घालून फोटो" ही यादी कुठेही मिळते. बसचा नंबर, लागणारा वेळ आणि कुठे फसायला होतं, हे सांगा.

मेट्रोमावळा
निघण्याआधी: एफ-३ साठी लग्नाचा दाखला अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) करून लागतो. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर आधी राज्याच्या गृह विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतराचे दिवस वेगळे धरा. दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं नाव असेल तर त्याचा खुलासा करणारा कागद इथूनच न्या, तिकडे तो तयार होत नाही. भारतातून दीर्घ मुदतीसाठी जाणाऱ्यांना टीबीच्या तपासणीचा दाखलाही लागतो.

पोचल्यावर: ९० दिवसांत परदेशी म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्यायचं असतं. ९० दिवस म्हणजे निवांत, असं समजू नका. हायकोरिया या संकेतस्थळावर वेळ आधी ठरवावी लागते आणि त्या वेळा आठवडेच्या आठवडे भरलेल्या असतात. घर मिळायची वाट न पाहता पोचलात त्याच दिवशी दोघांसाठी वेगवेगळ्या वेळा घेऊन टाका. कार्ड हातात येईपर्यंत बँक, फोन, ऑनलाइन खरेदी सगळं अर्धवटच चालतं. अडलं तर १३४५ ही परदेशी लोकांसाठीची सरकारी फोनसेवा, इंग्रजी बोलतात.

आरोग्यविमा नोकरी करणाऱ्याच्या कंपनीतर्फे होतो. जोडीदाराला त्यावर अवलंबित म्हणून घालता येतं. एप्रिल २०२४ पासून इतर नातेवाइकांना आधी सहा महिने राहण्याची अट आहे, पण नवरा-बायको आणि लहान मुलं तिच्यातून वगळलेली आहेत. मात्र हे आपोआप होतं असं धरून चालू नका, कंपनीच्या कचेरीत विचारून अर्ज द्या.

चहाचा_चोथा
कचरा शिकून जा, बाकी सगळं जमतं.

सर्वसाधारण कचऱ्याची पिशवी विकत घ्यावी लागते (१९९५ पासूनची पद्धत) आणि ती त्या-त्या पालिकेची असते. सोलची पिशवी सुवॉनला चालत नाही. दुकानात बिलाच्या वेळी "जोंग्न्यांगजे बोंग्थू" मागायची, १० किंवा २० लिटरची. दोघांना १० पुरते. उन्हाळ्यात तर १०च घ्या, २० भरेपर्यंत वास सुटतो.

खरी गंमत अन्नाच्या कचऱ्यात आहे. आपल्याकडचा "ओला कचरा" डोक्यातून काढून टाका. तिथे त्या कचऱ्याचं जनावरांचं खाद्य आणि खत होतं, म्हणून कसोटी एकच: जनावर हे खाईल का? अंड्याची टरफलं, कांद्याची सालं, लसणाची सालं, आंब्याची कोय, करवंटी, मक्याचं कणीस, हाडं, शिंपले आणि चहाचा चोथा हे सगळं साध्या कचऱ्याच्या पिशवीत. भाताची शितं, भाजीची देठं, केळ्याचं साल अन्नात. मोठ्या इमारतीत कार्ड टेकवलं की झाकण उघडणारं यंत्र असतं, ते वजन करून पैसे लावतं. त्यामुळे आमटी-रस्सा आधी गाळून घ्या, पाण्याचे पैसे कशाला भरायचे? तपशील पालिकेगणिक थोडा बदलतो, इमारतीतला तक्ता बघा.

पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या वेगळ्या: लेबल सोलायचं, विसळायची, चेपायची, झाकण लावायचं.

उगाचच
धाग्याच्या शीर्षकात शनिवार-रविवार आहे आणि दुसऱ्याच प्रतिसादात आपण कांद्याच्या सालांवर पोचलो. मराठी माणूस!

चहाचा_चोथा
@उगाचच, सालांची व्यवस्था शनिवारीच लागते. बहुतेक इमारतींत पुठ्ठा-प्लास्टिक टाकायचे दिवस ठरलेले असतात, तो वार चुकला की खोके आठवडाभर घरात. आणि मोठी सुपरमार्केट महिन्यातून दोन रविवार बंद असतात, बऱ्याच ठिकाणी दुसरा आणि चौथा. काही पालिकांनी ती सुट्टी मधल्या वारी नेली आहे. तुमच्या शाखेचे वार दारावर लिहिलेले असतात.

गच्ची_नाही
मार्च म्हणजे थंडी संपली नसेल. जमिनीखालून गरम पाणी फिरवून घर तापवतात, ते ओंदोल. भिंतीवरच्या खटक्याला "शिल्ने" म्हणजे खोलीतल्या हवेचं तापमान, "ओंदोल" म्हणजे पाण्याचं. नवखे लोक ओंदोलवर २२ ठेवतात आणि काहीच तापत नाही म्हणतात. पाण्यासाठी ५० च्या पुढेच बोलायचं. तिसरं "वेचुल", म्हणजे बाहेर गेलोय. त्यात फक्त नळ गोठणार नाहीत इतपत उष्णता राहते. दोन दिवस बाहेर जाताना बॉयलर पूर्ण बंद करू नका. दर वेळी थंड जमीन पुन्हा तापवायला तास न् तास लागतात आणि गॅसही जास्त जातो.

कडाक्याच्या थंडीत कपडे धुवायचं मशीन लावू नका अशी सूचना इमारतीच्या भोंग्यावर होते. मशीन बाल्कनीत असतं, सांडपाण्याचा पाइप गोठतो आणि पाणी खालच्या मजल्याच्या बाल्कनीत चढतं. ती सूचना कोरियनमध्ये असते. "सेथाक्गी" शब्द ऐकू आला की मशीनपासून लांब राहा.

घरात कपडे वाळत घालून खिडक्या बंद ठेवल्या की बाहेरच्या भिंतीला बुरशी. दिवसातून दोनदा दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. फोडणीच्या वासालाही तोच उपाय, आणि फोडणी देताना झोपायच्या खोलीचं दार लावून घ्या.

इडलीचं पीठ मात्र या जमिनीवर मस्त फुगतं. टॉवेल, त्यावर पातेलं, वर झाकण.

पोळपाट
स्वयंपाकघराचं मी सांगते. खूप घरांत इंडक्शन असतं, त्यामुळे ॲल्युमिनियमचा कुकर नेऊ नका. स्टीलचा, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचाच न्या. वीज २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. मिक्सरला अडचण नाही, पण आपली तीन पिनांची खुंटी बसत नाही. तिथे दोन जाड गोल पिना. मिक्सरसाठी विमानतळावरचं नाजूक अडॅप्टर नको, जाडजूड घ्या.

कणीक: तिथलं "मिल्गारू" म्हणजे मैदाच, कमी-मध्यम-जास्त चिकटपणाचा. "थोंग्मिल" म्हणजे अख्ख्या गव्हाचं, पण भरड, पोळीच्या कडा फाटतात. आट्यासाठी सुवॉनहून सोपं ठिकाण आन्सान. मेट्रोच्या सुइन-बुंदांग मार्गिकेने थेट, गाडी न बदलता. स्टेशनासमोरच वोन्गोक-दोंगमधला परदेशी लोकांचा बाजार आहे. डाळी, गूळ, गोठवलेलं खोबरं मिळतं. सोलला गेलात तर इथेवॉनच्या मशिदीजवळची दुकानं. कोथिंबीर "गोसू" नावाने मागायची. पालक, वांगी, मुळा, कोबी कुठेही. बॅगेत ताजा कढीपत्ता किंवा आंबे नेऊ नका, विमानतळावर ताजी फळं-पानं काढून घेतात.

घाटमाथा
आता डोंगर. सुवॉनमध्ये राहून पहिला ग्वांगग्योसान. ५८२ मीटर, सुवॉन स्टेशनवरून १३ नंबरची बस, शेवटच्या थांब्यावर उतरा. माथ्याचं नाव सिरुबोंग. "सिरू" म्हणजे तांदळाचे पदार्थ उकडायचं भोकाभोकांचं मातीचं भांडं, थोडक्यात मोदकपात्र शिखर. चढून उतरायला तीन-चार तास. पायथ्याशी बोरीबाप, म्हणजे सातूचा भात आणि रानभाज्या.

मग बुखान्सान. मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेने जोंगनो ३-गा, तिथून तिसऱ्या मार्गिकेने गुफाबल, बाहेर पडून ७०४ किंवा ३४ नंबरची बस. घरापासून दोन तास धरा. बेग्उन्दे हा सर्वात उंच माथा, ८३६ मीटर. चढ-उतार पाच ते सहा तास. आकडा बघून हसू नका. आपल्या बेसाल्टला पायऱ्या-खाचा असतात, हा गुळगुळीत ग्रॅनाइट आहे. शेवटचा टप्पा उघड्या कातळावरून लोखंडी दोर धरून. पकड असलेले हातमोजे हवेत, आणि ओल्या दिवशी जाऊच नका. शनिवारी दहानंतर या दोराला रांग लागते. सातला पायथ्याशी हवं.

मार्चमध्ये दोन गोष्टी. एक, वणव्याच्या भीतीने राष्ट्रीय उद्यानांतल्या काही वाटा साधारण मेच्या मध्यापर्यंत बंद असतात. सोराक्सानच्या वरच्या वाटांना हे हमखास लागू. उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा नकाशा बघून निघा. दुसरं, सावलीच्या बाजूला बर्फ टिकून असतो. बुटाला बांधायचे काटे, "आइजेन", जवळ ठेवा. पायथ्याच्या दुकानांत मिळतात. माथ्यावर दारू प्यायला २०१८ पासून बंदी आहे, माक्गल्ली (तांदळाची दारू) खाली उतरल्यावर.

साखरपेरा
+१. आणि हवेतली धूळ! मार्च-एप्रिलमध्ये "मिसेमोन्जी"चा आकडा बघितल्याशिवाय डोंगर ठरवू नये. बारीक धूळ (पीएम २.५) ३६ च्या वर गेली की तिथले लोकही "वाईट" म्हणतात, ७६ ला "फार वाईट". त्या दिवशी केएफ९४ मास्क आणि संग्रहालय. सोलमधलं इछोनचं राष्ट्रीय संग्रहालय, कायमस्वरूपी दालनं फुकट.

रेल्वेफाटक
प्रवासाचं कार्ड: टी-मनी, प्रत्येकाचं वेगळं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, भरणा रोख पैशानेच होतो असं धरून चला. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं. ते केलं तर ३० मिनिटांत (रात्री ९ ते सकाळी ७ एक तासात) पुढची बस किंवा मेट्रो पकडल्यावर भाडं नव्याने सुरू होत नाही, अंतराचा फरक तेवढा लागतो. चार बदलांपर्यंत चालतं, त्याच नंबरची बस पुन्हा पकडली तर नाही. उतरताना विसरलात तर पुढच्या चढण्याला दंडासकट वसुली.

आणि सोलचं महिन्याचं ६२ हजार वॉनचं क्लायमेट कार्ड घ्याच, फिरणाऱ्यांना परवडतं.

मेट्रोमावळा
@रेल्वेफाटक, सुवॉनला? ते कार्ड सोल आणि त्याला लागून असलेल्या मोजक्या शहरांत चालतं, सुवॉन त्यात नाही. घराजवळ चढतानाच अडेल. सोलमध्ये राहणाऱ्याला ठीक, यांना टी-मनीच.

रेल्वेफाटक
मान्य. सुवॉन वाचायचं राहिलं. भरपाई म्हणून एक उपयोगी गोष्ट: सुवॉनहून सोल स्टेशनला मेट्रोने तासभर लागतो, तेच मुगुंगह्वा या साध्या रेल्वेने अर्धा तास. तिकीट वेगळं, पण दोघं बसून जाता. लाल रंगाच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये उभं राहू देत नाहीत, त्यामुळे मधल्या थांब्यांवर भरलेली बस न थांबता निघून जाते. रविवारी संध्याकाळी परतताना जिथून बस सुटते तिथेच चढा.

महामार्गावरच्या बस मध्ये पंधरा मिनिटं थांबतात. उतरण्याआधी पाटीचा फोटो काढा. तिथे एकसारख्या वीस बस उभ्या असतात आणि चालक मोजणी करत नाही.

पालेभाजी
शाकाहाराबद्दल कोणीच बोललं नाही. "गोगी प्पे जुसेयो" (मांस काढून द्या) पाठ करा, पण त्यावर विसंबू नका. मांस निघतं, पाणी राहतं. सूपचं पाणी, "युक्सू", सुक्या छोट्या माशांचं असतं. किमचीत कोळंबीचं खारवण किंवा माशाचं आंबवलेलं पाणी. बिबिंबाप (भाज्या घातलेला भात) वरच्या लाल चटणीत कधी कधी परतलेलं गोमांस असतं, म्हणून चटणी वेगळी मागायची. गिंबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) मधून हॅम, अंडं आणि "ओमुक" (माशाची वडी) तिन्ही नावं घेऊन काढायला सांगायची.

बिनधास्त गोष्टी कमी, पण आहेत: होबाक्जुक (भोपळ्याची पेज), बटाट्याचं घावन "गाम्जाजॉन", उन्हाळ्यात कोंगुक्सू म्हणजे सोयाबीनच्या थंड दुधातल्या शेवया, आणि रस्त्यावरचं होत्तोक, साखर-दालचिनी-शेंगदाणे भरलेलं. पुरणपोळीचं चुलत भावंड. @घाटमाथा, ते बोरीबाप चांगलं, पण सोबतच्या द्वेंजांग (आंबवलेल्या सोयाबीनच्या) रश्श्यात मासळीचं किंवा शिंपल्यांचं पाणी असतं. तो बाजूला ठेवायचा.

खवैय्या_निवृत्त
म्हणजे शाकाहाऱ्याने कोरियात उपाशी राहायचं, असंच ना?

पालेभाजी
नाही. विहारात जायचं. बौद्ध मठातलं जेवण पूर्ण शाकाहारी, आणि त्यात पाच उग्र गोष्टी वर्ज्य: लसूण, कांदा, पात वगैरे. पाचवी "हुंगो". हे आपलं हिंग! संस्कृत हिंगु चीनच्या वाटेने तिथे पोचलं. म्हणजे कांदा-लसूण नको म्हणून हिंग घालणारे आपण, आणि हिंगालाही कांद्याच्याच रांगेत बसवणारे ते.

पोळपाट
अवांतर चाललंच आहे तर उकडीचे मोदक. तांदळाच्या पिठाच्या दोन जाती: "मेप्सल" साधा, "छाप्सल" चिकट. छाप्सल घेतलंत तर मोदक पात्रातच वितळून बसतील. मेप्सल-गारू घ्या. त्यात कोरडं आणि ओलं असे दोन प्रकार. गिरणीत ("बांगात्कान") मिळतं ते भिजवून दळलेलं, ओलं, आणि बऱ्याचदा मीठ घातलेलं. मीठ नको म्हणून आधी सांगायचं. ओल्या पिठाच्या उकडीला वाटीला वाटी पाणी नाही, अर्ध्या वाटीपासून सुरुवात. तिथला तांदूळ मुळातच आंबेमोहरासारखा चिकट, पाकळ्या छान येतात. पीठ फ्रीजरमध्येच ठेवा, बाहेर दोन दिवसांत आंबतं.

नदीकाठ
मूळ प्रश्नाकडे. नामी बेटाला नाकं मुरडू नका. गाप्योंग स्टेशन, तिथून धक्क्यापर्यंत अर्धा तास चालत, होडी पाच-सात मिनिटं. वाईट काहीच नाही.

घाटमाथा
वाईट शनिवार आहे. शरद ऋतूतल्या शनिवारी अकरा वाजता ती होडी म्हणजे गणपतीतली लालपरी. सुवॉनहून एका बाजूला अडीच तासांच्या आसपास घालवून रांग बघायची? त्यापेक्षा ग्योंग्जू ही जुनी राजधानी, एक रात्र मुक्कामी.

नदीकाठ
पहिल्या होडीने गेलं तर रांग नसते. पण सुवॉनहून पहिली होडी गाठायची म्हणजे पहाटे निघायचं, हे खरं. ग्योंग्जूला हरकत नाही, लिहा मग तपशील.

घाटमाथा
सुवॉनजवळच्या दोंगथानहून एसआरटी ही वेगवान रेल्वे, दोन तासांच्या आत-बाहेर. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळची तिकिटं आधी संपतात. साध्या दिवसांची विक्री महिनाभर आधी सकाळी ७ ला उघडते. निघायच्या आदल्या दिवशी रद्द झालेली तिकिटं परत दिसतात, तेव्हा पुन्हा बघा. कोरेल या सरकारी रेल्वे कंपनीच्या इंग्रजी संकेतस्थळावर परदेशी कार्ड चालतं, म्हणून सुरुवातीला तिची वेगवान गाडी केटीएक्सच सोपी.

ग्योंग्जूचं नवं स्टेशन गावाबाहेर आहे, गावात यायला बस. गावातून १० किंवा ११ नंबरने बुल्गुक्सा हा बौद्ध मठ. तिथून सोक्गुरामला १२ नंबर, साधारण तासाला एक, चुकली तर चढाची तासभराची पायवाट. गुहेतली बुद्धमूर्ती काचेआडून बघायची, फोटो नाही. अजिंठा-वेरूळ डोक्यात घेऊन गेलात तर लहान वाटेल, पण ही कोरलेली गुहा नव्हे, ग्रॅनाइटचे चिरे रचून आठव्या शतकात बांधलेली आहे. ते लक्षात ठेवून घुमट बघा. दोन्ही १९९५ पासून जागतिक वारशात. बुल्गुक्साचं प्रवेशशुल्क २०२३ मध्ये गेलं. संध्याकाळी गावातली थडगी आणि वोल्जी तळं. तळं अंधार पडल्यावरच, वारा नसेल तर प्रतिबिंब अख्खं.

सोल्लाल आणि छुसोक या दोन सणांना मात्र कुठेही निघू नका. रेल्वेची विक्री वेगळी होते आणि क्षणात संपते, महामार्ग तुंबतो. ते दिवस सोलच्या राजवाड्यांचे, शहर रिकामं. एरवी लक्षात ठेवा: ग्योंगबोक्गुंग मंगळवारी बंद, छांगदोक्गुंग सोमवारी.

साखरपेरा
विहारात राहायला जाणार असाल तर जोडप्यांनी एक धरून चाला: बहुतेक ठिकाणी बायका आणि पुरुष वेगळ्या खोल्यांत. उजाडायच्या आधी प्रार्थना, आणि वाडग्यात शीत उरता कामा नये. औपचारिक जेवण असेल तर शेवटी मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने वाडगं विसळून ते पाणी प्यायचं. जिम्जिल्बांगचंही (सार्वजनिक स्नानगृह आणि गरम दालनं) तसंच. अंघोळीचे हौद वेगवेगळे आणि तिथे कपडे अजिबात नसतात. नंतर दिलेले सुती कपडे घालून मधल्या गरम दालनात भेटायचं. "कुठे, किती वाजता" हे आत शिरायच्या आधी ठरवा, फोन कपाटात राहतो.

तिरफळ
वाचनखूण साठवली, आभार! एक खुलासा. काही जणांनी निरोपातून "वहिनींसाठी" भिशी आणि भाषावर्ग सुचवले. नोकरी माझी आहे, एफ-३ वर नवरा येतोय. भिशीला तो तयार आहे. त्याच्यासाठी पहिली गोष्ट काय करायची?

उगाचच
दाजी, कांद्याची सालं कुठल्या पिशवीत ते पाठ करा.

मेट्रोमावळा
त्याच्या स्वतःच्या नावावर फोन. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. पासपोर्टवरचं प्रीपेड सिम बोलायला चालतं, पण तिथली जवळपास प्रत्येक सेवा "हा नंबर या माणसाचा आहे का" हे फोन कंपनीकडून तपासते. तुझ्या नावावर दोन नंबर घेतलेस तर दुसरा नंबर कागदोपत्री त्याचा नसतो. मग जेवण मागवणं, खरेदी, इस्पितळाची वेळ, सगळ्यासाठी तो तुझ्या ऑफिसात फोन करणार. ओळखपत्र आलं की त्याच आठवड्यात दोन वेगळे करार.

त्यात आपली नावं घोळ करतात. आडनाव, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव: ओळखपत्रावर हे मोठ्या रोमन अक्षरांत एका ओळीत येतं. फोनवाला मधली जागा सोडतो, बँकवाला सगळं जोडून लिहितो, तिसरा शेवटची अक्षरं कापतो. मग पडताळणीत "नाव जुळत नाही". दुकानात बसल्या बसल्याच पडद्यावरचं नाव ओळखपत्राशी अक्षर-अक्षर आणि जागा-जागा ताडून बघा, नंतर बँकेतही तसंच लिहायला लावा. एकदा जुळलेला नमुना फोनमध्ये जपून ठेवा आणि सगळीकडे तोच चिकटवा. परदेशी नावासाठी कधी सगळं जोडून, कधी जागा सोडून, असे दोन प्रयत्न करायचे. पाच वेळा चुकवून खातं बंद पाडू नका.

नकाशासाठी नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप. गूगलवर चालायचा रस्ता भरवशाचा नाही.

घाटमाथा
आणि ओळखपत्र यायच्या आधीचा पहिला शनिवार, ज्याला ॲप, पडताळणी काही लागत नाही: सुवॉनचाच ह्वासोंग किल्ला. स्टेशनवरून फाल्दाल्मुनला जाणाऱ्या पुष्कळ बस आहेत. तटाची फेरी साडेपाच किलोमीटरच्या थोडी वर, तीन तास. फाल्दाल्मुनपासून घड्याळाच्या दिशेने निघा, म्हणजे टेकडीचा एकमेव चढ पायात दम असताना उरकतो. वर सोजांगदे, मग उतार, उत्तरेचा जांगआन दरवाजा, सात कमानींचं पाण्याचं द्वार, पूर्वेची बाजू आणि परत बाजारात. फाल्दाल्मुनजवळ तट तुटलेला आहे, मध्ये बाजार घुसलाय. वाट चुकली असं समजू नका. १७९४ ते ९६ या काळात बांधला, आणि बांधकामाचा हिशेब इतका बारकाईने छापून ठेवला होता की १९७० च्या दशकात त्यावरून पडझड दुरुस्त केली.

पालेभाजी
बाहेर पडल्यावर ज्या गल्लीत गर्दी दिसेल तिथे शिरू नका. ती तळलेल्या कोंबडीची गल्ली आहे. बाजारात होत्तोक शोधा.

तिरफळ
लिहून घेतलं. कुकर आज बदलून आणला, स्टीलचा.